आयर्विनला किती?

सांगलीत जुलै-ऑगस्टात माणूस माणसाला भेटला की खुशाली नंतर विचारतो. आधी विचारतो, 'आयर्विनला किती?' उत्तर फुटांत येतं. कृष्णेवरच्या या 1929 सालच्या पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका. 2005 साली ते 53 च्या वर गेलं होतं आणि 2019 साली साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं. सांगलीकराला हे आकडे पोरांच्या जन्मतारखांच्या आधी आठवतात.

आमच्या ऑफिसात ही भाषा बारमाही होती. विश्रामबागेतल्या एका खासगी कंपनीच्या शाखेत मी 1986 साली लागलो. तीन वर्षांनी तिथे जे साहेब आले, त्यांच्या रागाची मोजदाद आम्ही फुटांत करायचो. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात, नदीत गुडघाभर पाणी असताना, शिपाईमामा केबिनमध्ये पेपर ठेवून बाहेर यायचे आणि दारातूनच हळू आवाजात सांगायचे, 'अडतीस.' म्हणजे रजेचा अर्ज आज न्यायचा तर आत्ताच न्यावा. दुपारी पुण्याच्या हेड ऑफिसातून फोन आला, काचेपलीकडे साहेब उभे राहून 'येस सर, येस सर' करताना दिसले, की आमचे कॅशियर नोटा मोजता मोजता पुटपुटायचे, 'कोयनेचा विसर्ग वाढलाय.' मग सगळे खाली माना घालून बसायचे. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडच्या संगमावरून सांगलीला यायला वेळ लागतो. हेड ऑफिसचं पाणी मात्र दहा मिनिटांत आमच्या टेबलापर्यंत यायचं.

तेव्हा हे नुसतं गमतीचं वाटायचं. पण ज्या कुणी 'कोयना' हा शब्द पहिल्यांदा काढला, त्याला कळत होतं की साहेबांचा राग साहेबांच्या पोटात उगम पावलेला नाही. तो वरून येतो. खाली कुठवर जातो, हे आमच्यातलं कुणी बोलत नव्हतं.

साहेब मारकुटे नव्हते. शिव्याही फार देत नसत. मराठीत माणसाचा अपमान करायला शिवी लागतेच असं नाही; 'अहो'चं 'अरे' केलं की काम भागतं. साहेब छत्तीस वर्षांचे, कॅशियर बावन्न वर्षांचे. कॅशियरांना घरी नातू 'अहो आजोबा' म्हणायचा आणि इथे भरल्या मीटिंगमध्ये, 'अरे, तुला शाळेत बेरीज शिकवली की नाही?' फाइल हातात द्यायच्या ऐवजी टेबलाच्या कडेला अशी ठेवायची की ती पडेल आणि समोरचा वाकेल. खुर्ची रिकामी असताना माणसाला उभं ठेवायचं. आणि दर सोमवारी आकड्यांचा हिशेब घेताना एकाला निवडायचं. बाकीच्यांना त्या दिवशी सुटका झाल्याचा जो हलकेपणा वाटायचा, तो मला आजही आठवतो आणि त्याची लाज वाटते.

वडिलांना मात्र शिव्या खाव्या लागल्या होत्या.

ते मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. कीर्द-खतावणी त्यांच्या हातची. सौद्यांचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या सदऱ्याची कॉलर, नखं, अगदी कानाच्या पाळ्याही पिवळ्या व्हायच्या. आईला ते सदरे धुताना वैताग यायचा. आम्हा मुलांना मात्र वडिलांचा वास म्हणजे राजापुरी हळदीचा वास. पेढीचे मालक त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. एकदा एका शेतकऱ्याच्या पट्टीत नऊ रुपयांची चूक झाली, तेव्हा मालकांनी खतावणी त्यांच्या अंगावर भिरकावली. वहीचा पुठ्ठा कपाळाला लागला. हे मला वडिलांनी सांगितलं नाही. कपाळावरची खोक घेऊन घरी आले आणि 'दाराची चौकट लागली' म्हणाले. आमच्या गावभागातल्या घरांच्या चौकटी बुटक्या असतात, त्यामुळे ते खपूनही गेलं. खरं काय ते मला पुढे त्याच पेढीवरच्या हमालाच्या पोरानं सांगितलं. तो माझ्या वर्गात होता.

वडिलांचं पेढीवरचं उत्तर म्हणजे त्यांचं अक्षर. मालक जितके ओरडतील तितकं त्यांचं अक्षर सुंदर व्हायचं. कीर्दीतल्या त्या ओळी मी पाहिल्यात: एकेक आकडा कोरल्यासारखा, कुठे खाडाखोड नाही. मला ते मोठं बाणेदार वाटत असे. आता वाटतं, हात थरथरू नये म्हणून त्यांनी किती जोर लावला असेल.

पेढी सुटल्यावर ते सरळ घरी येत नसत. घाटावर जाऊन अर्धा तास बसत. गणपतीच्या देवळावरून येताना आम्ही त्यांना पाहायचो. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, पाठ आमच्याकडे. हाक मारायची नाही, असं आईनं बजावलं होतं. मग ते घरी यायचे. बोळात त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई हातातलं काम टाकून कान द्यायची. आवाज रोजचा असेल तर काही नाही. चपला फरफटत असतील, किंवा फार भराभर येत असतील, तर ती आम्हाला म्हणायची, 'पुस्तकं घ्या आणि माडीवर जा.' आम्ही जायचो. खाली ती त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची आणि काही न बोलता समोर बसायची. आम्हाला वरून फक्त भांड्यांचे आवाज यायचे. कधी कधी एखादं भांडं जरा जास्तच जोरात आपटल्याचा.

मी आठवीत असताना त्याच पेढीवर एक प्रकार घडला. मालकांनी एका हमालाला आईवरून शिवी दिली. हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून त्यावरच बसला. बाकीच्यांनी हूक खांद्याला अडकवले आणि तेही बसले. दोन ट्रक भरायचे होते, एक अर्धा भरलेला. दुपार झाली, ड्रायव्हर ओरडू लागले, शेजारच्या पेढ्यांवरचे हमालही येऊन बघत उभे राहिले. मालकांनी आधी धमकावलं, मग चहा पाठवला. चहा तसाच राहिला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मालक खाली उतरले आणि 'चुकलं' म्हणाले. एवढंच. हमाल उठले आणि रात्री नऊपर्यंत पोती चढवत राहिले.

त्या दिवशी वडील घाटावर न जाता घरी आले. पायरीवरूनच सांगायला सुरुवात. कोण कसा बसला, मालकांचा चेहरा कसा झाला. आईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, 'तुम्ही पण बसायचं की त्यांच्यात.'

वडील क्षणभर थांबले. मग म्हणाले, 'मी लिहिणारा माणूस.'

हे वाक्य मी आयुष्यभर उलटंसुलटं करून पाहिलंय. लिहिणारा माणूस म्हणजे पांढरी टोपी, खिशाला पेन, मालकाच्या गादीपासून चार हातांवर बैठक. हमालाला शिवी मिळाली की ती उघड्यावर मिळते, तिला दहा साक्षीदार असतात, आणि त्याच्या उठण्या-बसण्यावर ट्रक अडतो. दिवाणजीला ती गादीवर मिळते. तो दुसऱ्या दिवशी आला नाही तर दुसरा लिहिणारा दोन दिवसांत मिळतो. शिवाय आपण हमाल नाही, याचं त्याला फार अप्रूप असतं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी तिथल्या माथाड्यांना एकत्र केलं आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. लिहिणाऱ्यांसाठी कुणी अण्णासाहेब झाला नाही. झाला असता तरी वडील त्याच्या सभेला गेले नसते.

चातुर्मासात ते पांडवप्रताप वाचायचे. विराटपर्व आलं की त्यांचा आवाज बदलायचा. लहानपणी मला वाटे, कीचकाला भीम मारतो म्हणून. पुढे ऑफिसात दहा वर्षं काढल्यावर मी महाभारतातलं ते पर्व स्वतः काढून वाचलं आणि चकित झालो. अख्खं पर्व नोकरीबद्दल आहे. राजे होते ते पाच भाऊ आणि त्यांची राणी, सगळे नाव बदलून नोकरीला लागतात. एक मालकाशी फासे खेळायला, एक स्वयंपाकघरात, एक मालकाच्या मुलीला नाच शिकवायला, एक घोड्यांकडे, एक गुरांकडे. राणी मालकिणीची वेणीफणी करायला. जाण्याआधी त्यांचे पुरोहित धौम्य त्यांना बसवून सांगतात की मालकाच्या घरी कसं वागायचं. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. मालकाच्या पुढ्यात बसू नये, उजवीकडे किंवा डावीकडे बसावं. हसण्याजोगं काही घडलं तर खदाखदा हसू नये आणि अगदी दगडासारखंही राहू नये, बेतानं हसावं. नोकरीला लागताना मला कंपनीनं नियमांची एक चोपडी दिली होती. तिच्यात यातलं एकही कामाचं कलम नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्या भावांनीही आपापसांत हाक मारायला पाच गुप्त नावं ठरवून घेतली होती. आमच्या फुटांसारखीच.

पण माझं बोट अडकलं ते दोन जागी. पहिली, कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीला भर सभेत लाथ मारतो तिथे. राजा विराट बघतो आणि गप्प राहतो, कारण कीचक त्याचा मेव्हणा आणि सेनापती. भीमाचे दात आवळलेले. आणि युधिष्ठिर तिला म्हणतो की तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी धावत येतेस आणि खेळणाऱ्यांच्या खेळात विघ्न आणतेस. हे त्यानं तिला वाचवण्यासाठी म्हटलं, सोंग उघडं पडू नये म्हणून म्हटलं, हे मला मान्य आहे. तरीही ते वाचलं आणि मला 1991 मधला एक सोमवार आठवला.

आमच्याकडे एक नवा इंजिनिअर आला होता, मिरजेचा. साहेबांनी त्याला निवडलं. त्याच्या बापाच्या धंद्यावरून काहीतरी बोलले. तो उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, 'साहेब, कामाबद्दल बोला. बापाबद्दल नाही.' खोलीत पंख्याचा आवाज मोठा झाला. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही अकराजण होतो. त्यानंही पाहिलं. मी माझ्या वहीत एक चौकोन काढत होतो, तो गिरवत राहिलो. कुणीतरी, बहुतेक मीच, दबक्या आवाजात म्हणालं, 'बस रे, मीटिंग होऊ दे.'

तो बसला नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन गेला. पुढची कित्येक वर्षं भडंग खाताना आम्ही त्याची गोष्ट सांगत होतो आणि दर खेपेला त्याचं वाक्य थोडं अधिक धारदार होत होतं. आमचं वाक्य गोष्टीतून कधीच गळून गेलं होतं.

नोकरी सोडणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याला आवडतात. आमच्या जिल्ह्यात तर त्याचा मोठा पुरावाच उभा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगावला आले, लोखंडी नांगर काढले आणि 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना वसवला. शाळेत हा धडा आम्हाला स्वाभिमानाचा म्हणून शिकवला. तो आहेच. पण बेळगावला त्यांच्या भावाचं सायकलींचं दुकान आधीपासून चालू होतं, ही ओळ आमचे गुरुजी भरकन वाचून पुढे गेले. मला तर ती ओळ सगळ्यात मोलाची वाटते. आमच्या कॅशियरांच्या मागे दुकान नव्हतं. दोन मुलींची लग्नं आणि म्हैसाळला आईची शेतीवरची उधारी होती. माझ्यामागेही काही नव्हतं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ग्रॅच्युइटीचं गणित मांडायचो: शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 1972 च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं पूर्ण झाल्याखेरीज हे गणित सुरूच होत नसे. पाच झाल्यावर वाटलं, आता दहा करू. मालकाचा जाच सोसणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या घरचं कॅलेंडर उलटून पाहावं.

तर आम्ही राहिलो. राहून काय केलं? शिपाईमामा साहेबांचा चहा ओट्यावर पाच मिनिटं ठेवायचे आणि मग न्यायचे. पाच वर्षं त्या माणसाला गरम चहा मिळाला नाही, आणि का मिळत नाही हे त्याला कधी कळलं नाही. 'या गावचं पाणीच असलं,' म्हणायचे. कॅशियर प्रत्येक आज्ञा लेखी मागायचे, अत्यंत नम्रपणे, 'साहेब, विसरायला होतं हल्ली.' कुंडलकडचा एक क्लार्क होता, त्याच्या आजोबांनी नाना पाटलांच्या प्रतिसरकारात काम केलेलं. तो दात ओठ खाऊन म्हणायचा, 'याला पत्री मारली पाहिजे.' प्रतिसरकारच्या काळात दगाबाजांच्या तळपायांवर फटके बसायचे, त्यावरून आलेला आमच्याकडचा शब्द. हा गडी स्वतः साहेबांपुढे गेला की त्याचा शर्ट आधी घामानं भिजायचा. आणि गोदामामागे आमचे प्रयोग चालायचे. नाट्यपंढरीतली माणसं आम्ही, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथेच सीतास्वयंवर उभं केलं. नक्कल करायला कुणाला शिकवावं लागत नव्हतं. साहेबांचं चष्मा पुसणं, घसा खाकरणं, 'अरे' म्हणताना मान डावीकडे टाकणं. त्या दहा मिनिटांत साहेब आमच्या हातात यायचे.

टायपिस्ट बाईंचं वेगळंच. त्या लघुलिपीत सगळं टिपायच्या. तारीख, वेळ, साहेब काय बोलले, कुणाला बोलले. सगळ्यांना ठाऊक होतं की अशी एक वही आहे. एक ना एक दिवस ती कुठेतरी वर जाईल आणि पट्टी निघेल, असा आमचा भरवसा. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी विचारलंच. म्हणाल्या, 'आहे ना घरी. अर्धी भरली होती. उरलेल्या पानांवर भिशीचा हिशेब लिहिते.'

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं 1970 सालचं एक पुस्तक आहे. संस्था बिघडली की माणसापुढे वाटा दोन, असं तो म्हणतो: बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं, आणि निष्ठा या दोहोंना धरून ठेवते. वाचताना मला वाटत राहिलं, याला आमच्या शिपाईमामांचा चहा कुणी पाजला नाही. जेम्स स्कॉटनं पाजून घेतला असावा. मलेशियातल्या एका भात पिकवणाऱ्या गावात राहून त्यानं 1985 साली पुस्तक लिहिलं, दुबळ्यांच्या हत्यारांबद्दल: कामात दिरंगाई, खोटं अज्ञान, पाठीमागची निंदा. बरं वाटलं, की आमच्या गोदामामागच्या प्रयोगांना एवढं मोठं नाव आहे. पण त्या हत्यारांनी साहेबांना ओरखडाही उठला नाही, हेही खरं. ती आमच्यासाठी होती. दिवस निभावून न्यायला.

निभावून नेलेल्या दिवसाचं पुढे काय होतं, याकडे ही पुस्तकं फारशी वळत नाहीत. विराटपर्व वळतं. तीच माझं बोट अडकलेली दुसरी जागा.

राजपुत्र उत्तर लढाई जिंकून आलाय अशी बातमी येते. विराट मुलाची तारीफ करत फासे खेळतोय. समोर बसलेला कंक, म्हणजे युधिष्ठिर, म्हणतो की बृहन्नडा सारथी असल्यावर कोण जिंकणार नाही? एकदा म्हणतो, पुन्हा म्हणतो. विराट चिडतो आणि हातातला फासा त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येतं. युधिष्ठिर ते जमिनीवर पडण्याआधी ओंजळीत झेलतो आणि बाजूला उभ्या असलेल्या द्रौपदीकडे नुसतं पाहतो. ती समजते. पाण्यानं भरलेलं सोन्याचं भांडं आणते आणि रक्त त्यात धरते. कारण भावाचं रक्त सांडणाऱ्याला जिवंत सोडायचं नाही, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि तो बृहन्नडा होऊन दारातच उभा आहे. म्हणून युधिष्ठिर द्वारपालाच्या कानात सांगतो, एकट्या उत्तराला आत पाठव. थेंब खाली पडला असता तर राजा, तुझं राज्य राहिलं नसतं, असं तो नंतर विराटाला सांगतो. वर हेही, की मी तुला दोष देत नाही, बलवान माणसाच्या हातून असं होतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही. मार खाणारा मारणाऱ्याला वाचवतोय. आणि लाथ बसली तेव्हा त्यानं जिलाच सुनावलं होतं, तीच आता भांडं धरून उभी आहे.

खाडिलकरांना या पर्वातलं दुसरं दिसलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, 1872 चा जन्म, 'केसरी'त टिळकांचे सहकारी. 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं आणि लोकांना कीचकात कर्झन दिसला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. 1910 साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. इंग्रज पत्रकार चिरोलनं 'इंडियन अनरेस्ट'मध्ये त्याची दखल घेतली, म्हणजे बाण बरोबर बसला होता. आता नाटक एका बाजूला ठेवून नुसत्या इतिहासाकडे पाहिलं तर त्यात एक चिमटा आहे: खुद्द कर्झन 1905 साली राजीनामा देऊन गेला तो सेनापती किचनरशी वाजलं आणि लंडननं त्याची बाजू घेतली नाही म्हणून. त्याच्यावरही कोयना होतीच. खाडिलकरांना भीम हवा होता आणि त्या काळाला तो हवाच होता. गुलामी सगळ्यांची एक होती, वैरी डोळ्यांसमोर होता. ऑफिसात भीम परवडत नाही. तिथे ज्याच्या त्याच्या वाट्याला कंक येतो.

आणि कंकाला भांडं लागतं.

मला ते घरात मिळालं. साहेब आल्यावर सुरुवातीला मी बायकोला त्यांच्या नकला करून दाखवायचो, ती हसायची. मग हसणं कमी झालं. मला वाटलं, नकला जुन्या झाल्या. 1993 च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. मुलगा पहिलीत, बेरजा करत होता. हातचा घ्यायला विसरला. मी म्हणालो, 'अरे, तुला शाळेत बेरीज शिकवली की नाही?' आणि म्हणताना माझी मान डावीकडे गेली. अगदी गोदामामागच्या प्रयोगासारखी. फरक इतकाच की ही नक्कल नव्हती. पोरानं वही उचलली आणि आतल्या खोलीत गेला. बायको कणीक मळत होती, तिनं हात थांबवला नाही. फक्त म्हणाली, 'आज किती फुटांवर?' मी ऑफिसातली ती भाषा घरी कधी सांगितली होती, तेही मला आठवेना.

पूर आयर्विनवर मोजतात. घुसतो तो सूर्यवंशी प्लॉटमध्ये, दत्तनगरात, कर्नाळ रोडच्या सखल घरांमध्ये. पूल कोरडाच असतो.

साहेब 1994 साली बदलून गेले. निरोपसमारंभात आम्ही त्यांना चांदीचा गणपती दिला आणि कॅशियर भाषणात म्हणाले की साहेबांनी शिस्त लावली. टाळ्या पडल्या. पुढे दहा वर्षांनी त्याच काचेच्या केबिनमध्ये मी बसलो. पुण्याचे फोन मला येऊ लागले. मी उभा राहून बोलत नसे, एवढी काळजी मी घेतली. ओरडलोही फारसा नाही, असं मला वाटतं. पण एकदा मार्चअखेरीस, टार्गेटच्या दिवसांत, मी टॉयलेटमधून बाहेर येताना पलीकडून नव्या पोराचा आवाज ऐकला: 'आत्ता जाऊ नको, बेचाळीस आहे.' हा शब्द त्यांना कुणी शिकवला असेल? शिपाईमामा तर कधीच गेले होते. मी तसाच जिन्यात उभा राहिलो, आणि मला आधी राग आला. लाज नंतर आली, पण आधी रागच आला. त्या दिवसापासून चहा हातात घेतला की मी बोटांनी कप चाचपून बघायचो.

आता कायदे पूर्वीपेक्षा बरे आहेत म्हणतात. बाईमाणसाच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात समिती बसवावी लागते. 2019 साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं कामावरच्या हिंसा आणि छळाबद्दल करार मंजूर केला. पण खतावणी फेकणाऱ्या, 'अरे' म्हणणाऱ्या, खुर्ची रिकामी असताना उभं ठेवणाऱ्या माणसाविरुद्ध कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा, हे माझ्या मुलालाही ठाऊक नाही, आणि तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. रात्री अकराला त्याचा फोन येतो. काही बोलत नाही विशेष. जेवलात का, आजी काय म्हणते, पाऊस आहे का. मी त्याच्या आवाजाकडे कान देतो. आई चपलांकडे द्यायची तसा.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. गावभागातलं घर तिनं सोडलं नाही. 2019 ला तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं आणि ती माडीवर तीन दिवस बसून होती, होडी येईपर्यंत. परवा मी तिला विचारलं, बाबा घाटावर का बसायचे गं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'मीच सांगितलं होतं. म्हटलं, काय ते नदीत टाकून या, घरात आणू नका.'

'मग?'

'टाकायचे की. बरंचसं टाकायचे.' तिनं एक खडा उचलून बाजूला ठेवला. 'राहिलेलं यायचं.'

मी आणखी काही विचारणार होतो, पण टीव्हीवर कोयनेच्या सहा दरवाज्यांचं चित्र आलं, पांढरं पाणी कोसळताना. तिनं चष्मा वर केला.

'आयर्विनला किती?'

'चौतीस,' मी म्हणालो. 'अजून सहा फूट आहे इशाऱ्याला.'

'असू दे,' ती म्हणाली. 'ते तांदळाचं पोतं माडीवर नेऊन ठेव.'